अब्बांचा हात

शुक्रवार, दिवेलागण

निजामाचा हाली रुपया बंद झाला आणि अब्बा घरी आले. टांकसाळीत त्यांनी जन्मभर नाण्यांचे ठसे कोरले.

आज दोन अनोळखी माणसं आली. त्यांना नव्या रुपयाचा ठसा हवा होता.

"खोट्या नाण्याला माझा हात लागणार नाय," अब्बा म्हणाले.

त्या दोघांतल्या थोरल्यानं हसत तोच हात धरला. "असा हात पुन्हा व्हायचा नाय, चाचा. जपा." किती वेळ सोडलाच नाही! जाताना मला म्हणाला, "बाई, तुमची शाळा पाचलाच सुटते ना?" मी शिकवते हे त्याला कुणी सांगितलं?

ते गेल्यावर अब्बांनी सगळ्या छिन्न्या विहिरीत टाकल्या.

"उद्या करमाडला मामूकडं जा."

"आणि तुम्ही?"

"मी इथंच. घर रिकामं दिसलं तर ते तुला शोधत येतील."