चालायच्या गेमचा शेवट

प्रिय रफीकभाई,

आज तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झाले. चाळिसाव्याचं जेवण झालं आणि तुमच्या धाकट्या भावाने दुकानातला कॉम्प्युटर घरी नेला. कीबोर्डखाली आपली वही होती, ती त्याने मला दिली. म्हणून लिहायला बसलोय.

वहीत मी पट्टीने रेघ मारून दोन रकाने केले होते, चांगलं आणि वाईट. आठवतं? तुम्हीच म्हणाला होतात, "पोरं इचारतात, ह्यो चालायचा गेम कसा हाय. तुझं लिहिताना चुकत न्हाई. तू लिही, मी काउंटरवर चिकटवतो." मी नववीतून शाळा सोडलेला, पण तुम्ही मला मास्तरच म्हणायचात!

दुपारी आपल्या कडा गावच्या एसटी स्टँडवर सामसूम झाली की मी झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून शेजारी तुमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात यायचो. तुम्ही मोबाइलचे स्क्रू डबीत ठेवून गेम लावायचात. एक माणूस रिकाम्या बेटावर चालतो. बंदूक नाही, शत्रू नाही. मध्येच एक आवाज इंग्रजीत प्रश्न विचारतो. मी स्क्रीनवर खाली आलेले शब्द उतरवून डिक्शनरीत अर्थ बघायचो. बस्स, एवढाच गेम!

पहिल्याच दिवशी मी 'वाईट'मध्ये लिहिलं, काहीच करता येत नाही. तुम्ही भडकलात. "कावून बे? चालनं हे काम न्हाई का?" तेव्हा माझं लक्ष तुमच्या पायाच्या लोखंडी पट्ट्यांकडे गेलं. लहानपणापासून तुम्हाला नुसता स्टँड ओलांडायलाही दोनदा थांबावं लागायचं. तरी मी ते वाक्य खोडलं नाही. का नाही खोडलं?

चांगलं म्हणजे, पडक्या घरात शिरलं की वारा वेगळा वाजतो. कुणी घाई करत नाही. "घर सोडून गेलेल्याचं घर कोणतं?" असं त्या आवाजाने विचारलं, तर तुम्ही स्क्रीनलाच सांगितलंत, "जिथं त्याची चप्पल हाय ते!" वाईट म्हणजे, तो आवाज फार बोलतो. समोर समुद्र दिसत असताना समुद्र समजावून सांगतो.

आणि तुमची रोजची तक्रार! "जागोजागी बाकडं ठेवलंय अन् बसू देईना. ह्याला दम लागत न्हाई का? बनवनाऱ्याचे पाय कधी दुखले नसतील."

मग छातीचं निमित्त झालं आणि तुम्हाला बीडच्या दवाखान्यात ठेवलं. आत सोडेनात. मी व्हरांड्यात नुसता इकडून तिकडे चालायचो. दुसरं काय करणार होतो?

"तू फुडं चाल, मला शेवट सांग," असं तुम्हीच फोनवर म्हणालात. मी गावी परतून तुमच्या दुकानात बसलो आणि दोन दुपारींत शेवट गाठला. संध्याकाळी तुमचा फोन आला, आवाज अगदी बारीक. "काय झालं बे मास्तर? बसला का त्यो?"

मला माहीत होतं, रफीकभाई! तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. पण गेममधल्या त्या आवाजाच्या शेवटच्या बोलण्यातले दोन शब्द डिक्शनरीत सापडत नव्हते. मी म्हणालो, "उद्या पक्कं लिहून आणतो." तुम्ही हसलात. "बरं. आण."

सकाळी तुमच्या भावाचा फोन आला. स्वच्छ अक्षरातला कागद माझ्या खिशात होता. दोन शब्दांची जागा तेवढी मोकळी होती. कुणाला देणार होतो?

तुम्ही तरी रागवायचं होतं. "चुकीचं सांग, पन आत्ता सांग," एवढंच म्हणायचं होतं. मी सांगितलं असतं.

ते दोन शब्द अजून सापडलेले नाहीत. हे पत्र मी पुन्हा लिहून काढणार नाही. शुक्रवारी खाडाखोडीसकट कबरीपाशी घेऊन येईन आणि मोठ्याने वाचेन. यापुढे कुणी काही विचारलं तर लगेच सांगेन, चुकलं तर चुकलं.

बसतो तो, रफीकभाई. टेकडीवर शेवटचं बाकडं आहे. आपण काहीच दाबायचं नसतं. तो आपोआप बसतो, पाय लांब करतो आणि आवाज गप्प होतो.

तुमचा मास्तर,
दत्ता