उपाशी कुत्र्याचं नाक

३ नोव्हेंबर १९५७
“बापूराव, तुमच्या हातात कुत्रा शहाणा होतो.” जंगलखात्यात गार्ड होतो तेव्हा, वीस वर्षांपूर्वी, रेंजरसाहेब म्हणाले होते. आता रिटायर झालो, वेळ आहे. आजपासून टायगरला चोर पकडायचं ट्रेनिंग. उपाशी कुत्र्याचं नाक तेज असतं, म्हणून त्याची भाकर बंद.

६ नोव्हेंबर
बायको इंदिरा आर्वीला माहेरी. तिच्या पेटीतले हातात घालायचे चांदीचे गोट टायगरला हुंगवले आणि कणगीत ज्वारीखाली पुरले. टायगर झोपला. काठीचे सहा फटके दिले. त्यानं माझी पोटरी फाडली. हाडापर्यंत दात. जात चांगली आहे.

७ नोव्हेंबर
पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची आहेत. आर्वीलाच राहावं लागणार. टायगरला बांधून निघालो. पाणी ठेवलं. ट्रेनिंगमध्ये खंड नको.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
इंदिरेला घेऊन परत. अठरा दिवस उपाशी, तरी टायगर गुबगुबीत. याला म्हणतात मनोबल. इंदिरेनं पेटी उघडली. गोट नाहीत! चोरी. तापानं माझं डोकं जड, पण टायगर तयार आहे.

२२ नोव्हेंबर
सकाळी अंगणात पन्नास माणसं. रिकामी पेटी हुंगवली, साखळी सोडली. टायगर कुठंही न थांबता प्रेमदासच्या दारात गेला आणि त्याच्या छातीवर पाय ठेवून उभा राहिला. गेल्या वर्षी दीक्षा घेतल्यापासून प्रेमदास मेलेली ढोरं ओढत नाही, त्यामुळं गाव त्याच्यावर चिडलेलंच. माझं तसं काही नाही. मी नाकाच्या पुराव्यानं चालतो.
तो म्हणाला, “हा भाकरीसाठी येते जी. तुम्ही नव्हते तं मीच घालून राह्यलो होतो.”
चोर असंच बोलतो, असं मी लोकांना समजावलं. शेजारच्या भैयाजीनं बैलगाडीच्या उभारीचा दांडा त्याच्यावर घातला. मग सगळेच तुटून पडले. त्याची आई जिजाबाई मध्ये पडली, तिचं कपाळ फुटलं. प्रेमदासचा हात मोडला तो आवाज मला कुंपणापाशी ऐकू आला. टायगर भैयाजीच्या मनगटाला लोंबकळला. एवढी एक चूक सोडली तर प्रयोग यशस्वी.

२३ नोव्हेंबर
प्रेमदासचा हात दोन ठिकाणी मोडलाय. त्याच्या तीन एकरात कापूस फुटून उभा आहे. वाईट वाटतं. पण मी फक्त कुत्रा सोडला.

२६ नोव्हेंबर
इंदिरेनं दळणासाठी कणगीतून ज्वारी काढली. सुपात गोट आले. तिनं ते माझ्या पायाशी ठेवले. मी म्हटलं, चोरानं भिऊन परत ठेवले असतील. तिनं ज्वारी पाखडायला घेतली.
मग ही वही मागं चाळली. सहा तारीख. अक्षर माझंच.

२७ नोव्हेंबर
भैयाजीला सांगितलं. तो म्हणाला, “ते पान फाडून टाक ना. काऊन गावात बोभाटा करतं?” फाडलं नाही. चावडीवर वाचूनही दाखवलं नाही. पोटरी ठणकते, असं कारण मी स्वतःला दिलं.

२९ नोव्हेंबर
टायगर साखळी तोडून गेला. प्रेमदासच्या दारात बसलाय. मी भाकर पुढं केली, त्यानं तोंड फिरवलं. आत प्रेमदास कण्हत होता. कपाळाला चिंधी बांधून जिजाबाई उंबऱ्यात उभी. आज सकाळी ते पान चावडीवर वाचून दाखवलं होतं, हे तिला सांगितलं. तिनं कापसाच्या शेताकडं पाहिलं. बोंडांतला कापूस गळायला लागलाय.
जन्मात पहिल्यांदा तिला अहो-जाहो केलं. नाहीच म्हणेल, हे दिसत होतं. तरी म्हटलं,
“जिजाबाई, तुमचा कापूस मले वेचू द्या.”