तुला आईनं नेलं होतं

चि. प्रणिता,

काल फोनवर तू म्हणालीस, "आप्पा, तुमी येळेवर दवाखान्यात नेलं म्हणून मी हाय." मी नुसतं हूं म्हणून फोन ठेवला.

पोरी, मी तुला नेलं नव्हतं. सांधे सुजवणारा तुझा ल्युपसचा आजार आम्हाला ठाऊक होता. पण त्या महिन्यात तू भिंतीशी बोलायला लागलीस, घरातल्यांची नावं विसरायला लागलीस. लग्नासाठी तुला बघायला पाहुणे आले, त्यांच्यावर तू किंचाळलीस, आणि मी सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत मारली. "नाटकं करती," म्हणालो आणि माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आपलं दुकान उघडायला निघून गेलो.

तुझी आई एकटीच तुला एसटीनं बीडला घेऊन गेली. तिथं तुझ्या डोक्याचा एमआरआय झाला. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा डॉक्टर तिला फिल्मवरचे पांढरे डाग दाखवत होते. "आजाराची सूज मेंदूत गेलीय. तिचं वागणं तिच्या हातात नव्हतं."

तू बरी झालीस, पण तो महिना तुला आठवेना. "मला इथं कोणी आणलं?" तू विचारलंस. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या आप्पांनी."

तिला जाऊन आता दीड महिना झाला. खरं सांगणारा मी एकटाच उरलोय, आणि हे पत्र माझ्याच्यानं पोस्टात टाकवत न्हाई. तिनं दिलेलं खोटं मोठेपण मी अजून मिरवतोय.

तुझे,
आप्पा