अप्पांनी होल्डवर ठेवलेलं खोकं

अप्पा, तुमचं ते कॉम्प्युटरचं काळं खोकं मला दोन रविवार छळतंय आणि तुम्ही भिंतीवरच्या फोटोत चष्मा लावून असे बसलाय, जसा काही तुमचा यात संबंधच नाही. त्यातली प्रोग्रामची पॅकेजं होल्डवर, म्हणजे कधी बदलायचीच नाहीत अशी, कुणी टाकली? तुम्ही. का टाकली, हे आता मला कुणी सांगायचं? "चालतंय ना, मग हात लावू नकोस." एवढं एकच वाक्य मागे ठेवून गेलात. मी नाही लावला हात. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते, आता मेंदी लावते, इतकी वर्षं मी तो कॉम्प्युटर अपडेटचं नाव न काढता चालवला. सकाळी चालू करायचा, नवी आवृत्ती आली म्हणून कोपऱ्यात चौकट उघडली की फुली दाबून घालवायची. हे मात्र तुम्ही नीट शिकवलंत. काही करायचं कसं ते नाही, घालवायचं कसं ते.

गेल्या साली आपल्या वेलचेरीत पुराचं पाणी दुकानात शिरलं, त्यात भरतकामाचं मशीन भिजलं. खोकं वर फळीवर होतं म्हणून वाचलं. मशीन कुरकुरत चाललं आणि यंदा ऐन दिवाळीच्या तोंडावर मेलं. नवीन आणलं तर त्याला आपल्या जुन्या फायली चालत नाहीत. त्याच्यासाठी डिझाइनचा प्रोग्राम नवा पाहिजे. नव्या प्रोग्रामला कॉम्प्युटरमधलं खालचं सगळं नवं पाहिजे. आणि त्या खालच्या सगळ्याला तुम्ही कुलूप घातलेलं. ब्लाउजचे गठ्ठे टेबलावर, गिऱ्हाइकं दारात, "अक्का, रेडीया?" म्हणून विचारतायत आणि मी नव्या मशीनवर चादर टाकून बसलेय.

वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहते, सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत जाते, पोळ्या माझ्याकडून नेते. तिला खाली बोलावलं. तिने टर्मिनल, ती हुकूम लिहायची काळी चौकट, उघडलं आणि म्हणाली, "काकू, ही सिस्टिम किती जुनी आहे! जिथून हिची पॅकेजं यायची ती जागाच आता बंद आहे, जुन्या सामानाच्या गोदामातून आणावी लागतील." मी म्हटलं, आण. पण पोरगी शहाणी. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढली, म्हणाली, काय मोडतोड करायची ती नकलेवर करू. आणि मग सुरू झालं. हे पॅकेज म्हणतं, मी येतो, पण ते दुसरं नवं असेल तर. ते दुसरं म्हणतं, मी नवं होईन, पण हे तिसरं जुनं उठलं तर. आणि तिसऱ्याला तुम्ही खांदा दाबून बसवलेलं. मी म्हटलं, हे तर आपल्याकडचं लग्न झालं, मामा येणार तर काका येणार नाहीत. ती हसली. मग तिचं हसू गेलं.

"काकू, हे विचारतंय, पुढे जायचं तर जुनं पायथॉन काढून टाकू का. तुमचा गळ्याचा प्रोग्राम त्याच्यावरच चालतो, ते गेलं की तो बंद. हो म्हणून वाय दाबू?"

"दाब, आणि बघ उद्यापासून पोळ्या कोण देतंय."

गळ्याचा प्रोग्राम म्हणजे तुमचा. आवडी गावातल्या फॅक्टरीतून रिटायर झालात, घरी बसवेना, माझ्या दुकानात येऊन खुर्ची अडवलीत आणि त्या कॉम्प्युटरशी भांडत तो लिहिलात. गळ्याचं माप टाकायचं, की काठातल्या कोयऱ्या गळ्याभोवती अशा बसतात की मधोमध एक येते आणि अर्धी कुठेच कापली जात नाही. तो पहिल्यांदा जुळला तो दिवस मला दिसतो. तुम्ही ब्लाउज हातात धरून उभे आहात, कॉफी निवतेय, आणि तुमच्या त्या मोडक्या तमिळमध्ये एका गिऱ्हाइकाला समजावताय. ती बाई "सूपर, सार!" म्हणतेय. मी मागे उभी. मी विचारते, "अप्पा, त्याला कसं कळतं किती कोयऱ्या घ्यायच्या?" तुम्ही मान न वळवता म्हणता, "तुला काय करायचंय? माप टाक, एंटर दाब." गिऱ्हाइकासमोर. मी माप टाकलं, एंटर दाबलं. तेच करत आले.

तुम्ही असे नव्हतात, म्हणून जास्त राग येतो. आई अंथरुणाला खिळली आणि सहावीतून मला घरी बसवलंत. दादा शिकला, मी भात लावला. तो राग वेगळा, तो आज काढत नाही. पण तेव्हा फॅक्टरीच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात ड्यूटीवरून येऊन तुम्ही मला मराठी लिहायला शिकवायचात. शाळा तमिळ, मराठी घरची. मी चुलीपाशी उकिडवी बसलेय, तुम्ही शर्ट न काढताच जमिनीवर टेकता आणि एकेक अक्षर कुठून सुरू करायचं, तिथूनच का, हे सांगता. मी शंभर वेळा "का" विचारते आणि तुम्ही शंभर वेळा सांगता. मग दुकानात काय झालं? तेवढ्यात मी मूर्ख झाले?

आणि फॅक्टरीची ती लाल पाटी. तुम्हीच सांगायचात ना, मशीन दुरुस्तीला घेतलं की फिटर स्विचवर लाल पाटी अडकवतो. एकदा जेवताना सायकलवरून माणूस आला होता तुम्हाला बोलवायला. तुम्ही पाटी काढायची विसरून घरी आला होतात आणि सगळे जण त्या मशीनपुढे हात बांधून उभे. भात तसाच टाकून गेलात. परत आल्यावर मी विचारलं, एवढी माणसं होती, त्यांनीच का नाही काढली? तुम्ही म्हणालात, "ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसऱ्याला काय माहीत, आत कुणाचा हात आहे." मला ते इतकं आवडलं होतं, अप्पा, की मी गल्लीभर सांगत फिरले.

म्हणूनच विचारते. त्या पाटीवर तुमचं नाव असायचं, खाली कारण असायचं. परक्या माणसाची बोटं वाचावीत म्हणून तुम्ही कारण लिहायचात. माझ्या दुकानातल्या खोक्यावर पाटी लावलीत आणि कारण लिहिलं नाहीत. ती मुलगी शोधून दमली. "काकू, कुठेच काही नाही. त्यांच्या प्रोग्रामच्या आतसुद्धा एक ओळ लिहिलेली नाही, काय केलंय, का केलंय." वर मलाच विचारते, "तुम्हाला सांगितलं असेल ना?" म्हटलं, सांगितलं होतं, विसरले. वडिलांची लाज राखली.

दादाला फोन केला. "टाकून दे ते भंगार, नवीन लॅपटॉप घे." म्हटलं, अरे, नव्यावर पण अप्पांचा प्रोग्राम चालणार नाहीच. म्हणाला, "मग त्याच्याशिवाय कर." म्हणजे झालं! ती मुलगी निदान असं बोलत नाही. ती म्हणते, आतला हिशोब उलगडून नव्यात लिहून बघते, पण कोयऱ्या अगदी तशाच बसतील असं वचन देत नाही. आणि तिने मला सांगितलं, अप्पा. होल्ड म्हणजे काय, कशावर आहे ते कसं बघायचं, कसं काढायचं, काढल्यावर काय काय कोसळतं. मी "का" विचारलं की थांबून सांगते. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी ओळखते, तरी नकलेवर होल्ड मी माझ्या हाताने काढलं. काही फुटलं नाही. पोरगी टाळ्या वाजवायला लागली आणि मी तोंड धुवायला मागे गेले.

आता तुमच्या खऱ्या डिस्कवर तेच करून पुढचं सगळं नवं चढवायचंय. शनिवारी ती मोकळी आहे, पुढच्या आठवड्यात दिवाळीला पुण्याला जाईल. शनिवार हुकला तर हे ब्लाउज दिवाळीनंतर शिवून कुणाच्या अंगात घालू? काढते म्हणायला मला कुणाची परवानगी नको. दुकान माझं आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगावीच लागेल. ते होल्ड तुम्ही तुमचा प्रोग्राम बिघडू नये म्हणून लावलंत, की मी काही बिघडवीन म्हणून?

हा कागद कुठे पाठवायचा नाही, हे मला कळतं, तेवढी शिकलेय. आणि ती मुलगी म्हणते तसं प्रोग्रामसाठीच लावलं असेल, हेही मला कळतं. तरी काल खऱ्या डिस्कवर होल्ड काढायची ती ओळ लिहिली आणि एंटरवर बोट ठेवून बसून राहिले, मग पुसून टाकली. तुम्ही ओरडाल असं वाटलं. या वयात!

शुक्रवारी शटर ओढायच्या आत मला उत्तर पाहिजे.