पाच पायऱ्यांचा खड्डा

लातूर, वैशाख १९८६

रेवणअण्णांस शरणार्थ. आम्ही सगळे खुशाल आहोत (म्हणजे रोज दोन घागरी पाणी मिळतं, तेवढे खुशाल). धर्माबादेत वहिनी, मुलं, दुकान ठीक ना?

जिल्हा नवा झाला, कचेरीत टेबलं आली, साहेब आले, आणि आता मातीची पाहणी आली. साहेबांकडे थंड मुलखातल्या मातीचा रंगीत तक्ता आहे. वर कुजल्या पानांचा थर, खाली राखाडी, त्याखाली तांबूस. हजारो वर्षं जो तो आपल्या जागी. म्हणाले, आपले थर शोधा. मी तुमच्याच रानात पाच फूट खड्डा घेतला (चौदा वर्षं तुमचं तिथं पाऊल नाही, रागावणार कुठून?) आणि उतरायला पाच पायऱ्या ठेवल्या. आपल्यात पायऱ्यांचा खड्डा गेलेल्या माणसाला बसवून माती द्यायला घेतात, हे साफ विसरलो. दुपारी मठपती भस्म घेऊन हजर! "कोण लिंगैक्य झालं?"

थर काही सापडेनात. पानं तर आपल्याकडे ऊनच खाऊन टाकतं. वरपासून काळी ती काळीच, तळाला चुनखडी. ही माती उन्हाळ्यात हातभर फाटते, वरचं पोटात घेते, पावसात फुगून खालचं वर ढकलते. तिकडची माती ठेवलेलं ठेवते, आपली ढवळत राहते. मला त्या भेगांची भीती वाटते, अण्णा. साडेतीन फुटांवर खुरपं खणकन वाजलं. मोराच्या मानेचा पितळी अडकित्ता! बहात्तरच्या दुष्काळात जो तुम्ही चोरून विकलात म्हणून तुमच्या वडिलांनी (आता तेही मातीआड) तुम्हाला घराबाहेर काढलं, तोच.

गंगम्माआत्या, तुमची आई, रडेल वाटलं, तर ती हसली. "मालकानं खालून धाडलाय. पोरगं चोर न्हाई म्हून सांगून राहिलेत." आणि पायरीवर बसली. तेव्हापासून रोज सकाळी येते, ऊन उतरलं की घरी जाते. मोठे साहेब पाहून जाईतो खड्डा बुजवायचा नाही, असा हुकूम आहे.

काळजीचं काही नाही. सवडीनं या.

तुमचा मामेभाऊ,
महादेवप्पा

ता. क. सवडीनं नको. ती म्हणते, "रेवण्या आल्याबिगर न्हाई उठत. माती तरी त्यानंच टाकावी."

आणखी एक. पहिल्या दिवशी ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. रोज एक पायरी खाली सरकते. आज तिसरी. टपालाला दोन दिवस लागतात.