पेवात सोडायचा कंदील

प्रिय राजस,

हे पत्र मयूरी वाईला येऊन तुझ्या हातात देईल. माझे फोन तू घेत नाहीस, मेल उघडत नाहीस; सख्ख्या बहिणीला तरी दारातून परत पाठवणार नाहीस. रुसण्यात तू पहिल्यापासून माझ्या दोन पावलं पुढे!

आपली 'नोंदवही' आता सांगलीपुरती राहिलेली नाही. माझ्या स्वयंपाकघरात भडंग खात आपण हा डेटाबेस लिहिला. सेन्सरकडून मिनिटामिनिटाला येणारा आकडा वेळेसकट साठवायचा, एवढंच त्याचं काम. ओपन सोर्स, फुकट, कुणीही उतरवून घ्यावा. देऊन टाकलेल्या वस्तूचा पत्ता राहत नाही, असं तू तेव्हा म्हणाला होतास. मी हसले होते.

आपलं भांडणही तू विसरला नसशील. सेन्सर गप्प झाला तर पडद्यावर काय दाखवायचं? तू म्हणालास, रिकामी जागा. मी म्हणाले, तुटका आलेख लोकांना आवडत नाही, शेवटचा आकडाच पुढे ओढू. हट्टानं मी तसंच केलं आणि तू बॅग उचललीस.

गेल्या मंगळवारी इथल्या हळद-व्यापारी नानासोंनी हळदीचं पेव उघडलं. तू कधी पाहिलं नाहीस. जमिनीखालची ती एक कोरडी विहीरच. बंद पेवात हवा कोंडून विषारी होते, म्हणून माणूस उतरण्याआधी पेटता कंदील सोडतात. विझला, तर कुणी उतरत नाही. नानासोंनी यंदा आत हवा मोजणारा सेन्सर बसवला होता, नोंदवहीला जोडून. पडदा हिरवा होता. पेवात उतरणाऱ्या गुंडाभाऊंना मीच म्हणाले, उतरा खुशाल. ते म्हणाले, "ताई, तुमचं मशीन लय हुशार आसंल, पर कंदील सोडल्याबिगार मी पाय टाकत न्हाई."

कंदील दोन पुरुष खोल गेला आणि विझला.

सेन्सरची वायर उंदरानं एकोणीस दिवसांपूर्वीच कुरतडली होती. एकोणीस दिवस माझी रेघ सरळ, हिरवीगार. गुंडाभाऊ हसले, चहा मागवला. तुझं खरं होतं, राजस. मला लाज वाटते, आणि त्याहून जास्त भीती वाटते.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? दुरुस्ती मी केली आहे: आकडा थांबला की पडदा लाल. नवी आवृत्ती सगळ्यांकडे आपोआप पोचेल, पण तुझ्याच नियमानं ती आपल्या दोघांच्या डिजिटल किल्ल्यांशिवाय सुटत नाही. साइटवर इशारा लावलाय, तो कोण वाचतो? नंबर होते त्या अकरा जणांना फोन केले. उतरवून घेणारे चारशेच्या वर आहेत. काल त्यातल्या एकाचा मेल आला, नाव नाही, गाव नाही: "ताई, तुमच्या नोंदवहीमुळं कंदील सोडायची कटकट गेली. सोमवारी पेव उघडतोय, पोरगाच उतरणार हाय." मी तीनदा उत्तर पाठवलं. त्यानं एकही उघडलेलं नाही. आज शनिवार आहे. मयूरी तुझ्यासमोर उभी असेल. तिला बसायला सांगण्याआधी किल्ली लाव.

तुझीच,
श्रद्धा