मळा कुणी लावला

दाजू,

कर्सियांगचा आपला चहामळा साहेबानं लावला, असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते चूक होतं. रोपांच्या टोपल्या कपाळाच्या पट्ट्यावर पेलून, पोटाशी तान्ही मुलं बांधून बायकाच हा डोंगर चढल्या. जिनं जी ओळ लावली, त्या ओळीला आजही तिचंच नाव आहे: मनमाया, फूलमती, जसमाया.

सानीमा मावशी म्हणाली, "अगं, तुझा साहेब घोड्यावरून उतरला तरी का कधी?"

मळ्याच्या उत्सवात इतिहास मी वाचणार आहे. फक्त साहेबाचं नाव घे, नाहीतर मळ्याच्या शाळेतली नोकरी विसर, असं मॅनेजरनं बजावलंय. तू अडवशील, म्हणून उत्सव होईपर्यंत हे पत्र टपालात टाकत नाही. आधी बायकांची नावं वाचेन, मग साहेबाचं. रविवारी, सतरा मार्चला.

तुझी बहीण,
प्रमिता